गाव शोधायचं ते कोडवर

पिंपळगाव म्हटलं की बुलढाणा जिल्ह्यात पुढचा प्रश्न ठरलेला: कोणतं? खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा, जळगाव जामोदकडचं पिंपळगाव काळे, की मोताळ्यातलं पिंपळगाव देवी? माणसं बोलता बोलता उलगडा करून घेतात. संगणकाला ते जमत नाही. जिल्ह्याच्या इंग्रजी नावातसुद्धा कुणी ‘एच’ घालतं, कुणी गाळतं. म्हणून जनगणनेच्या फाइलीत प्रत्येक गावाला आकडी कोड असतो. शेत जसं मालकाच्या नावापेक्षा गट नंबरावर बिनचूक सापडतं, तसंच हे.

अशा कोडवरून, म्हणजे ‘की’वरून, नेमकं रेकॉर्ड उचलण्याची सोय एसपीएसएसमध्ये आहे. हे सॉफ्टवेअर १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल यांनी घडवलं. त्याची नेहमीची ‘डेटा लिस्ट’ आज्ञा फाइल वरून खाली वाचत जाते. ‘कीड डेटा लिस्ट’ मात्र हवं तेवढंच रेकॉर्ड काढते: एका प्रकारच्या फाइलीत रेकॉर्डच्या क्रमांकावरून, दुसऱ्या प्रकारात अनुक्रमित कीवरून. मोठ्या मेनफ्रेम संगणकांच्या काळात या सोयीला फार मोल होतं.

या आज्ञेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे ‘इन’ हे छोटं उपकलम. रेकॉर्ड सापडलं तर ते १ नोंदवतं, नाही तर ०. जनगणनेच्या यादीत बेचिराख गावंही असतात. त्यांची लोकसंख्या खरोखरच शून्य असते. पण रेकॉर्डच न सापडलेलं गाव म्हणजे बेचिराख गाव नव्हे. हा फरक पुसला गेला, तर नांदतं गाव तक्त्यात उजाड दिसेल.

आज अख्ख्या जिल्ह्याची फाइल साध्या लॅपटॉपमध्ये मावते. त्यामुळे ही आज्ञा क्वचितच लागते. दोन फाइली कीवर क्रम लावून ‘मॅच फाइल्स’ने जोडल्या की काम होतं. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही स्त्रीची नोंद तिच्या घराशी जुळते ती समूह क्रमांक आणि घर क्रमांक यांच्या जोडीनं. आज्ञा बदलली, ‘की’ मात्र राहिली.

आणि कीसुद्धा कायमची नसते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आणि त्याखाली बुलढाणा ०४ होता. २०११ मध्ये राज्य तेच २७, पण बुलढाणा ५००. त्यात ०४ हा आकडा म्हणून साठवला की पुढचं शून्य उडतं आणि अक्षरी की जुळतच नाही.

जिल्ह्याच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पत्रकारांना म्हणूनच विनंती आहे. कोडचा रकाना मजकूर म्हणून साठवा, कोड कोणत्या जनगणनेचा ते शेजारी लिहा, आणि न जुळलेल्या गावांची यादी आधी काढा, सरासरी त्यानंतर.