बुरूज नको, दरवाजा उघडा

ओझर म्हटले की पुष्कळांना जुन्नर तालुक्यातला विघ्नहर आठवतो. परंतु येथे अभिप्रेत असलेले ओझर नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले, बाणगंगेच्या काठचे आणि मुंबई-आग्रा महामार्गावरचे, 1964 साली विमानांचा कारखाना स्थापन झाल्यापासून आसपासच्या मुलखात 'ओझर मिग' या नावाने ओळखले जाणारे गाव होय. गावाच्या एका अंगाला कारखान्याची आखीव वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला, दिंडोरी-पिंपळगावापर्यंत, द्राक्षबागांचे मांडव पसरलेले आहेत. आणि तान्ह्या मुलाला अंगावर पाजणारी, तरीही कामावर रुजू झालेली आई या दोन्ही ठिकाणी आढळते. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी तिच्या पाठीशी कायदा उभा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मुकादम.

कायद्याची हकीकत आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा आरंभ मुंबई इलाख्यात झालेला आहे. गिरणीत राबणाऱ्या स्त्रीला बाळंतपणात विश्रांती आणि वेतन मिळावे यासाठी मांडलेल्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला, आणि मातेला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्याच हिताची बाब आहे असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर 1948च्या कारखाने कायद्याने ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे पाळणाघराचे बंधन घातले, 1961च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुटी देववली, आणि 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची केली. बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि 26 आठवडे म्हणजे तेच सहा महिने.

आता बागेकडे वळू. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरू लागतात, आणि डिपिंग (म्हणजे घड औषधात बुडवणे), विरळणी, पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी खुडा, असे एकामागून एक काम बहुधा उक्ते घेतले जाते. म्हणजे जितका हात चालेल तितका दाम, आणि टोळीतली एक जण थांबली तर इतरांची मजुरी घटते. मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत असते, त्याच्यावर लक्ष ठेवायला असते सहा-सात वर्षांची बहीण, जिला खरे तर त्या वेळी शाळेत असावयास हवे. मूल रडले तरी आईने ओळ अर्ध्यावर टाकून जावयाचे की नाही, हा निर्णय तिचा एकटीचा उरत नाही. आणि गेलीच, तर औषधाने माखलेले हात धुण्यासाठी पाणी जवळ असेलच असे नाही. या बाईला कोणी पाजण्याची मनाई केलेली नाही. किंबहुना विचारले तर सगळेच म्हणतील, 'पाज की बाई, कोण नको म्हणतंय?' परंतु ज्या व्यवस्थेत पाजण्याची किंमत मजुरीतून वळती होते, त्या व्यवस्थेला मनाईच्या हुकुमाची आवश्यकताच नसते.

मोठ्या आस्थापनेतल्या बाईला निदान दाद मागता येते. रोजंदारीवरच्या बाईच्या नावाने हजेरीपट असेल तर तो मुकादमाच्या खिशात असतो, आणि मालक दर आठवड्याला निराळा असतो. सबब कोणावर कोणती जबाबदारी बसवावयाची, हाच प्रश्न राहतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्याला पाच हजार रुपये मिळतात, ते उपयोगी आहेतच; पण सहा महिन्यांची बुडालेली मजुरी त्यांतून भरून निघत नाही.

येथे शरीरशास्त्रातली एक गोष्ट विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण ती कळल्याविना हा सारा विषय केवळ भूतदयेचा वाटण्याचा संभव आहे. बाळ चोखू लागले, किंवा त्याचे रडणे नुसते कानी पडले, की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते, त्याच्या प्रभावाने दुधाच्या ग्रंथी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. भय, संकोच, वेदना आणि घाई यांनी हाच स्राव काही काळ अडतो. दुसरे असे, की स्तन जितका रिकामा होईल तितके नवे दूध तयार होते आणि तो भरलेला राहिला तर निर्मिती मंदावते. म्हणजे जिला एसटीच्या गर्दीत चार डोळे आपल्यावर रोखलेले जाणवतात, किंवा जिला ओळ संपेपर्यंत थांबावे लागते, तिचे दूध खरोखरच कमी होऊ लागते. आणि मग तिच्याच माथी ठपका येतो, की हिला दूध पुरत नाही. अपराध भोवतालच्यांचा आणि शिक्षा बाळंतिणीला, असा हा न्याय आहे.

घरातली कैफियत याहून निराळी नाही. बाळाच्या जन्मानंतर येणारे पिवळसर, घट्ट चिकाचे दूध, जे रोगप्रतिकारक द्रव्यांनी परिपूर्ण असते, ते पिळून टाकावयाचे आणि बाळाच्या जिभेवर मध चाटवावयाचा, ही वहिवाट अनेक घरांत होती आणि काही घरांत अद्याप आहे. पुढे घुटी सुरू होते. नंतर मूल जरासे अधिक रडले, की 'वरचे दूध लावा' असा निकाल होतो, आणि तो बहुधा दुसऱ्या एखाद्या बाईच्याच तोंडून येतो. वास्तविक बाळाला दिवसाकाठी सहा-आठ वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे खुशाल समजावे. तथापि सगळा दोष आजीबाईंवर ढकलण्यात अर्थ नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याचे दिसते, आणि त्याच पाहणीत जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे केवळ 41.8 टक्के आहेत. तेव्हा या दिरंगाईचा जाब दवाखान्यांनाही विचारला पाहिजे. दुधाच्या भुकटीच्या जाहिरातींना 1992च्या कायद्याने आणि 2003च्या दुरुस्तीने पायबंद घातला, हे चांगलेच झाले. परंतु शेजारणीच्या सल्ल्याला कोणताही कायदा लागू होत नाही.

महाराष्ट्रात पाजणाऱ्या आईसाठी सार्वजनिक ठिकाणी जी खोली ठेवतात तिला हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, पहारेकऱ्यांनी उघडले नाहीत, आणि घरी भुकेल्या राहिलेल्या तान्ह्यासाठी हिरकणी गवळण काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला, ही कथा सर्वांना पाठ आहे. आपण या कथेतला कडा लक्षात ठेवला आणि दरवाजा विसरलो, असे मला वाटते. मातेच्या दिव्याचे पोवाडे गाणे सोपे असते, कारण त्यात आपल्याला काहीच करावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्याच देवळाली मतदारसंघाच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनास गेल्या तेव्हा त्यांचे कौतुक झाले, छायाचित्रे छापली गेली. आणि पुढच्या, मुंबईतल्या अधिवेशनात विधानभवनातल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांनाच जाहीर तक्रार करावी लागली. जेथे कायदे होतात तेथे ही अवस्था, तर तालुक्याच्या बसस्थानकाची काय कथा! फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपानाकडे कलंक म्हणून पाहू नये असे म्हटले आणि राज्यांनी सोयींची तजवीज करावी असे सांगितले. हुकूम उत्तम आहे. पण कक्षाला कुलूप आणि किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला गेलेले, ही अंमलबजावणीची तऱ्हा न्यायालयाला कशी बदलता येणार?

ती बदलण्याचा एक धडा खुद्द ओझरनेच घालून दिलेला आहे. वाघाड प्रकल्पाच्या कालव्याच्या शेपटाला असल्यामुळे ज्यांच्या वाट्याला पाणी पोहोचत नसे, त्या इथल्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने 1990च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतले, पट्टी स्वतः वसूल केली आणि कालव्याचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे राज्याने 2005 मध्ये यासाठी कायदाच केला. सोय ज्यांना लागते त्यांच्या हाती तिचा कारभार असला की ती चालते. हिरकणी कक्षाची किल्ली स्थानकप्रमुखाच्या खणात कशाला? ती गावातल्या बचत गटाकडे, आशाताईकडे, अंगणवाडीताईकडे द्यावी.

आणि बागेत तर खोलीचीही गरज नाही. येत्या छाटणीला टोळी ठरवताना बागाईतदारांनी मुकादमाशी एवढे बोलून घ्यावे: तान्ह्या मुलाच्या आईने दर दोन-तीन तासांनी पाजायला जावे आणि तो वेळ तिच्या मजुरीतून कापू नये, बांधावर सावली, हात धुण्यास पाणी आणि साबण ठेवावा, फवारणीच्या दिवशी झोळी बागेपासून लांब असावी, आणि मुले चार-पाच असतील तर एका वयस्क बाईला पुरी मजुरी देऊन त्यांच्यापाशी बसवावे. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक मुले असली की त्यांच्यासाठी एक बाई नेमण्याचा नियम होताच. यास फार मोठा खर्च येत नाही, आणि तो सोसण्याची ऐपत या भागातल्या द्राक्षांना निश्चित आहे.