कागद आईबापांचा, शिक्षा लेकराला

ज्या देशात मूल वाढले, शिकले, तोच देश एक दिवस ‘तू आमचा नाहीस’ म्हणून त्याला हाकलतो. हे कसे घडते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १९८९ साली येथील अनाथालयातली एक लहान मुलगी अमेरिकन दांपत्याने दत्तक नेली. तिच्या नागरिकत्वाचे कागद कोणी पुरे केले नाहीत. ती तिकडेच वाढली, तिला नवरा-मुले झाली. पुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यात ती दोषी ठरली आणि २००८ साली तिला मुंबईत आणून सोडण्यात आले. मुले तिकडेच राहिली. गुन्ह्याची शिक्षा नागरिकालाही होते. हद्दपारी मात्र होत नाही. म्हणजे ही दुसरी शिक्षा गुन्ह्याची नव्हे, कागद नसल्याची. अमेरिकेने २००० साली कायदा करून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिले. पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी जी अठराच्या आत होती त्यांनाच.

जर्मनीत आश्रयाला आलेल्या कोसोवोच्या रोमा कुटुंबांना ‘डुल्डुंग’ मिळे. डुल्डुंग म्हणजे राहण्याचा हक्क नव्हे, हद्दपारीची केवळ तहकुबी. तिथेच जन्मलेली, जर्मन बोलणारी त्यांची मुले कोसोवोत ‘परत’ धाडली गेली. जिथे ती कधी नव्हतीच, तिथे परत कशी जाणार?

आपल्याकडे काय आहे? २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचा बाप किंवा आई नागरिक असावी लागते. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. लेकराचा हक्क असा आईबापांच्या पुराव्यावर टांगला गेला. ज्याचा बाप पालावर जन्मला, त्याने तो पुरावा कोठून आणावा?

१८७१ च्या कायद्याने जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरे. १९५२ साली तो कायदा गेला. पण आईबापांचे लेणे लेकराच्या कपाळी मारणारी रीत गेली का? जातिव्यवस्था याहून वेगळे काय करते?

म्हणून पिंपळगाव रेणुकाईच्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना मी एवढेच सांगतो : पालावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद २१ दिवसांच्या आत करवून घ्या. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. एका नोंदीने नागरिकत्व सिद्ध होत नाही, हे खरे. पण तीही नसेल तर लेकराच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही. कायदा बदलण्याची लढाई लांबची आहे. नोंदीची लढाई आजची आहे.