चाळीस पैशांचे कोडे

गल्ल्यात पंचवीस, वीस, दहा आणि पाच पैशांची नाणी आहेत. समोरच्याला चाळीस पैसे द्यायचे आहेत, तेही कमीत कमी नाण्यांत. हात आपसूक आधी पंचवीसकडे जातो, मग दहाकडे, मग पाचकडे. झाली तीन नाणी. खरे तर विसाची दोनच पुरली असती! ही चारही नाणी भारतात एके काळी चलनात होती, तेव्हा ही चूक किती दुकानांत झाली असेल कोण जाणे. व्हिडिओ लहान करण्याच्या शास्त्रातला एक मोठा पेच अगदी याच जातीचा आहे.

व्हिडिओ लहान करावाच लागतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर सेकंदाला जवळपास १२४ कोटी बिट होतात. घरच्या इंटरनेटला हे ओझे झेपणारे नाही. म्हणून ठिपक्यांची यादी पाठवण्याऐवजी चित्र काही ठरलेल्या आकारांच्या बेरजेत मांडतात. आकार असे निवडायचे की बहुतेकांचा वाटा शून्य यावा आणि मोजक्यांवर काम भागावे. यालाच विरळ मांडणी म्हणतात.

या वाटेवरचे पहिले मोठे नाव बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. अमेरिकेत कॅन्ससमध्ये शिकवत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी सरकारी अनुदान मागितले. कल्पना फारच सोपी आहे, असे म्हणून ते नाकारण्यात आले. १९७४च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध छापून आला आणि ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ जगापुढे आला. पुढे जेपेग छायाचित्रे आणि एमपेग व्हिडिओ त्यावरच उभे राहिले. नकार देणाऱ्यांना सोपेपणा खटकला होता. टिकला तो सोपेपणामुळेच.

या पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोन ६४ ठरावीक नक्ष्यांत मोडतात. बाळबोध रीतीने केले तर एका चौकोनाला ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ गुणाकार. आधी आडव्या ओळी आणि मग उभे रकाने असे दोन टप्पे केले की १०२४. आठ संख्यांच्या एका ओळीचे काम ११ गुणाकारांत उरकण्याची रीत १९८९ साली निघाली. ओळी आणि रकाने मिळून सोळा, म्हणजे अवघे १७६. उत्तर तेच, कष्ट मात्र तेविसाव्या हिश्शाहून थोडे कमी. २००३च्या एच.२६४ या व्हिडिओ मानकाने तर मूळ रूपांतरातून गुणाकारच हद्दपार केले; तिथे फक्त बेरीज, वजाबाकी आणि बिट सरकवणे उरले.

पण ६४ नक्ष्या म्हणजे मोजकीच नाणी. बिट फार कमी असले की चित्रात चौकोन दिसू लागतात. मग नाणी वाढवली तर? एकमेकांवर चढणारे शेकडो आकार कोशात ठेवले, तर मोजक्या आकारांत चित्र अधिक नेमके बसू शकते. मात्र इथेच चाळीस पैशांचे कोडे आडवे येते. कमीत कमी आकारांची निवड सर्वसाधारणपणे अतिशय अवघड असते, हे १९९५ साली बी. के. नटराजन यांनी सिद्ध केले (हे नटराजन वेगळे). त्याआधीच, १९९३मध्ये, स्तेफान माला आणि झिफेंग झांग यांनी दुकानदाराचीच रीत सुचवली होती: सर्वांत जास्त जुळणारा आकार घ्या, तो चित्रातून वजा करा, उरलेल्यावर पुन्हा तेच. तिचे नाव ‘मॅचिंग परस्यूट’.

बर्कले विद्यापीठाच्या राल्फ नेफ आणि अविदेह झाखोर यांनी १९९७ साली ही रीत व्हिडिओला लावली. मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला तेवढा फरक ४०० आकारांच्या कोशातून भरायचा. आता खर्च पाहा. जिथे फरक सर्वांत ठळक, तिथल्या १६ बाय १६च्या खिडकीपुरताच शोध घेतला, तरी २५६ जागा गुणिले ४०० आकार, म्हणजे निवडायच्या एकेका आकारासाठी १,०२,४०० जुळण्या तपासायच्या. संपूर्ण फ्रेम चाळणे तर बाजूलाच राहिले.

काटकसरीच्या दोन युक्त्या विशेष कामाच्या. एक, आकार असे घडवायचे की आडवा आणि उभा भाग वेगळा मोजता यावा. दुसरी माला-झांग यांच्या मूळ निबंधातलीच: एक आकार वजा केला की त्याला स्पर्श न करणाऱ्या जुळण्या बदलतच नाहीत. ज्या बदलतात, त्यांतून आधीच मोजून ठेवलेला आकडा योग्य पटीत वजा करायचा. चित्राकडे पुन्हा वळून पाहायला नको. पाहणाऱ्याच्या यंत्राला तर सांगितलेले आकार सांगितल्या जागी बेरजेने बसवायचे एवढेच काम.

चित्र सरस असूनही मुख्य मानकांनी हा मार्ग धरला नाही. अहमद यांच्या रूपांतराची भावंडेच तिथे नांदत राहिली. विरळपणाचा फायदा मात्र त्यांनीही पुरेपूर उठवला. चौकोनातल्या फरकांची, अधिक-उणे चिन्हे सोडून केलेली, नुसती बेरीज ठरावीक मर्यादेखाली असेल, तर रूपांतरानंतर ठोकळ करताना सगळे आकडे शून्यच होणार हे आधी कळते आणि व्हिडिओ लहान करणारे अनेक एन्कोडर ते रूपांतर करतच नाहीत. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेचे ओठ हलतात, तेव्हा त्या ओठांसाठी यंत्र घाम गाळते. मागच्या भिंतीच्या वाट्याला फक्त एक निरोप येतो: मागच्या फ्रेममधले उचल आणि इथे ठेव.