गव्याचा केस, भेकराचा सुळा

पिसोरी आमच्या रानात आहे असं सांगणारी माणसं दोडामार्ग-सावंतवाडीकडे पुष्कळ भेटतात. तिला निवांत पाहिलेलं माणूस मात्र विरळा. उंची जेमतेम फूटभर, वजन तीन-चार किलो, वावर बहुतेक रात्रीचा. गवारेड्याचं नेमकं उलट. मोठा नर हजार किलोंच्या घरात जातो आणि कुडाळ-कणकवलीच्या भातशेतीत उभा असला तर अख्खा गाव पाहतो. या दोघांच्या मधे भेकर, सांबर, चौसिंगा आणि रानडुक्कर. सह्याद्रीच्या माथ्यापासून मालवणच्या किनाऱ्याकडे उतरत जाणाऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या खूरवाल्यांचा हिशेब नुसत्या दिसण्यावर ठेवला, तर गवा सगळं पान व्यापेल आणि पिसोरीला समासातही जागा उरणार नाही. कॅमेरा सापळा प्राणी गेल्याचं सांगतो. त्याने काय खाल्लं, त्याचं वय किती, हे सांगत नाही. त्यासाठी केस आणि दात वाचावे लागतात.

केसाचे तीन थर असतात. बाहेर खवले, त्याखाली घट्ट भाग आणि मधोमध गाभा. खवल्यांची नक्षी पाहायची तर काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिश लावून त्यात केस दाबायचा आणि वाळल्यावर उचलायचा. मागे ठसा उरतो. हरणवर्गीयांच्या राठ केसात गाभा जवळजवळ सगळी जाडी व्यापतो आणि त्यात हवा भरलेल्या पेशींची जाळी असते, म्हणून तो केस चटकन मोडतो. रानडुकराचा केस ताठ असतो आणि त्याचं टोक फाटलेलं असतं. तो ओळखायला भिंगही पुरतं. सस्तन प्राण्यांच्या केसांची अशी वर्गवारी लिऑन हाउसमन यांनी अमेरिकेत १९२० मध्ये मांडली. आपल्याकडे कोप्पीकर आणि सबनीस यांचा भारतीय प्राण्यांच्या केसांवरचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७६ मध्ये आला. आजही हे काम शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग शिकारी प्राण्याची विष्ठा तपासताना होतो. बिबट्या किंवा रानकुत्रा मांस पचवतो, केस पचत नाहीत. विष्ठा धुऊन, गाळून निघालेले केस तपासले की पोटात भेकर गेलं की गावातलं वासरू, हे कळतं. बिबट्या गावात का शिरतो यावर गावागावांत वाद होतात. त्या वादाला पुरावा मिळतो तो इथे.

पण केसाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. गवा, गाय आणि म्हैस एकाच कुळातले. त्यांचे केस सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांपासून वेगळे काढताना अनुभवी डोळाही अडतो. तिथे डीएनए लागतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले सुनीलकुमार वर्मा आणि लालजी सिंह यांनी २००३ मध्ये, प्राणी कुठलाही असो, एकाच पद्धतीने त्याची जात ठरवता येईल अशी चाचणी प्रसिद्ध केली. फासकीत मारलेल्या जनावराचं मांस शिजवलेलं असलं तरी अशा चाचणीपुढे शिकारीचा गुन्हा लपवणं अवघड जातं.

दातांची गोष्ट केसांपेक्षा लांब आहे. गव्याच्या किंवा हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे पटाशीचे दात नसतात; तिथे कठीण गादी असते आणि खालचे दात तिच्यावर चारा दाबून तोडतात. गव्याला आणि चौसिंग्याला ३२ दात, रानडुकराला ४४. भेकराच्या नराला शिंगं असूनही वरचे सुळे बाहेर डोकावतात, आणि पिसोरीला शिंगंच नाहीत, तर नराचे सुळे तेवढे वाढलेले. रानात सापडलेला लहानसा जबडा कुणाचा, या प्रश्नाची सुरुवात तिथून होते.

त्याहून खोल माहिती दाढेत आहे. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, गवतात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, शिवाय त्यावर धूळ बसते. गवत चरणाऱ्याची दाढ झिजते, म्हणून गव्याची दाढ उंच. कोवळा पाला, फळं खाणाऱ्या भेकराची ठेंगणी. झिजेवरून वयाचा गट ठरतो. नेमकं वर्ष हवं तर मुळावरच्या सिमेंटम या आवरणाचा पातळ काप काढून थर मोजतात. थंड देशांत हे थर ठळक उमटतात. आपल्याकडे ते तितके सुबक नसतात, त्यामुळे परदेशी तक्ता सांबराला जसाच्या तसा लावू नये.

आहार कळायचा आणखी एक मार्ग म्हणजे कार्बन. सड्यावरची बहुतेक गवतं आणि जंगलातली झाडं कार्बन वेगवेगळ्या रीतीने बांधतात, आणि त्या दोन्हींची खूण एनॅमलमध्ये व केसात राहते. दाढेचं एनॅमल प्राण्याच्या लहानपणी तयार होतं आणि पुढे बदलत नाही. केस गेल्या काही महिन्यांचं सांगतो. गंमत अशी की बांबू गवत असूनही त्याची खूण झाडांसारखी उमटते. बांबू आवडीने खाणाऱ्या गव्याच्या अभ्यासात ही गोष्ट विसरली तर निष्कर्ष पार फिरतो.

पूर्वीचे प्राणी कोणते होते, हेही दातांनीच सांगितलं असतं. घाटावर ते सांगतात. गोदावरी आणि घोड नद्यांच्या जुन्या गाळातल्या जीवाश्मांवर डेक्कन कॉलेजच्या जी. एल. बादाम यांनी काम केलं. इनामगावच्या उत्खननातही (१९६८ ते १९८३) पाळीव गुरांबरोबर हरणांचे अवशेष मिळाले. कोकणात मात्र जांभ्याची आम्ल माती आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस हाडं विरघळवतात. रत्नागिरीच्या कातळशिल्पांत गेंडा कोरलेला आहे. मालवण तालुक्यातलं कुडोपी तर त्या शिल्पांबरोबर २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. ज्याने गेंडा कोरला त्याने तो इथे पाहिला की दुसरीकडे, हे ठरवायला एक दाढ पुरली असती.

म्हणून आजच्या दाढा जपणं मला निकडीचं वाटतं. गवा विहिरीत पडून किंवा गाडीखाली येऊन मरतो, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, आणि मृतदेहाची विल्हेवाट लावली जाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे कुणीही जबडा उचलून घरी नेऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण वनखात्याच्या परवानगीने खालचा जबडा आणि पाठीच्या, मानेच्या, पायाच्या केसांचा झुबका ठेवून घेता येईल. सोबत गावाचं नाव, तारीख, नर की मादी, आणि मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. सावंतवाडी किंवा मालवणच्या एखाद्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या कपाटात एवढं ठेवलं, तर पुढच्या वेळी कुंपणाच्या तारेवर सापडलेला केस डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे पाठवण्याआधी इथल्याच विद्यार्थ्याला ताडून पाहता येईल.