सेव्ह केलेली फाइल जाते कुठे?



गेल्या तिमाहीपासून दिघी केंद्राची लहानशी वेबसाइट आम्ही इथेच तयार करत आहोत. श्रीवर्धन, म्हसळा आणि तळा या तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांसाठी आरोग्य शिबिर कोणत्या तारखेला आहे, जातीच्या दाखल्याला कोणती कागदपत्रे लागतात, आश्रमशाळेच्या प्रवेशाची मुदत कधी संपते, ही माहिती एका जागी मिळावी एवढाच तिचा हेतू. आता बहुतेक वाड्यांवर एखाद्या तरी तरुणाकडे मोबाइल असतो. तो वाचतो आणि बाकीच्यांना सांगतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात. त्याआधी तारीख कळली तर तिचा उपयोग. नंतर कळली तर माणसे पुन्हा वाडीवर येईपर्यंत थांबावे लागते.

देणगीत मिळालेल्या लॅपटॉपवर वेबसाइट तयार करण्याचे सॉफ्टवेअर बसवले आणि पहिल्याच आठवड्यात काम अडले. काही पाने सेव्हच होईनात. काही सेव्ह झाल्यासारखी दिसली, पण नंतर सापडेनात. एका पानावर तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. मंडळ्यांचे तरुण संघ आणि महिला मंडळेही हल्ली आपापली वेबसाइट करू लागली आहेत, आणि त्यांच्याकडूनही अशाच तक्रारी कानावर येतात. म्हणून आम्हाला उलगडा कसा होत गेला, तो क्रमाने लिहितो. सॉफ्टवेअर कोणतेही असो, विंडोजच्या संगणकावर कारणे साधारण हीच असतात.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. पडद्यावर दिसणारे पान संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की ते गेले. सेव्ह करणे म्हणजे तेच पान डिस्कवर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाने आणि ठरलेल्या अक्षरपद्धतीत लिहून ठेवणे. जागा, परवानगी, नाव आणि अक्षरे या चारपैकी एक जरी चुकले तरी सेव्ह बिघडते. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर खराब आहे’ म्हणून ते काढून टाकण्याआधी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : जागा कोणती?

कित्येक सॉफ्टवेअर पहिल्यांदा सेव्ह करताना स्वतःच्याच फोल्डरची जागा सुचवतात. हा फोल्डर बहुधा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असतो. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तिथे सामान्य वापरणाऱ्याला लिहिता येत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने मागच्या दाराने येऊन दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ढवळाढवळ करू नये, म्हणून ही तटबंदी केलेली आहे.

नवी सॉफ्टवेअर अशा वेळी ‘परवानगी नाही’ असे सरळ सांगतात. काही जुन्या धाटणीच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र गंमत होते. विंडोज त्यांची फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवते. तो ‘अ‍ॅपडेटा’ या फोल्डरच्या आत असतो आणि ‘अ‍ॅपडेटा’ एरवी लपवलेला असतो. परिणाम असा, की सॉफ्टवेअरमधून पाहिले तर फाइल दिसते आणि आपण फोल्डर उघडून पाहिले तर ती नसते. आमची ‘हरवलेली’ तीन पाने तिथेच सुखरूप होती.

यावर उपाय सोपा आहे. वेबसाइटसाठी एकच स्वतंत्र फोल्डर करावा. तो डी ड्राइव्हवर असावा. डी ड्राइव्ह नसेल तर आपल्या यूझर फोल्डरमध्ये, ‘डॉक्युमेंट्स’च्या शेजारी करावा. मग ‘सेव्ह अ‍ॅज’ करून प्रत्येक पान तिथेच ठेवावे. नव्या लॅपटॉपवर ‘डॉक्युमेंट्स’ हा फोल्डर अनेकदा वनड्राइव्हला जोडलेला असतो, म्हणजे त्याची प्रत इंटरनेटवर जात असते. खाडीकाठी नेट येते-जाते. तिथली फाइल फक्त इंटरनेटवरच ठेवलेली असेल, तर नेट नसताना ती उघडत नाही. स्वतंत्र फोल्डर केला की हाही गोंधळ टळतो.

दुसरा प्रश्न : परवानगी कोणाला?

जागा बरोबर असूनही कधी सेव्ह होत नाही. मग एक साधी चाचणी करावी. विंडोजचे नोटपॅड उघडावे, दोन शब्द लिहावेत आणि त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करावेत. नोटपॅडलाही जमले नाही, तर अडचण फोल्डरची किंवा डिस्कची आहे : डिस्क भरली असेल, किंवा फोल्डर दुसऱ्याच्या नावावर असेल. नोटपॅडला जमले आणि नव्या सॉफ्टवेअरला जमले नाही, तर त्या सॉफ्टवेअरलाच कोणीतरी अडवत आहे.

बहुधा हा अडवणारा म्हणजे विंडोजचा पहारेकरी असतो. २०१७ साली विंडोज १० मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर अनोळखी सॉफ्टवेअरला ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ अशा फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. अशा वेळी ‘फाइल सापडली नाही’ असा भलताच संदेश येतो आणि माणूस चुकीच्या दिशेने शोधत बसतो.

हा पहारा बिनकामाचा नाही. फाइलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून तो राखण करतो. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला जगभर पसरला, तेव्हा आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. म्हणून पहारा बंद करू नये आणि अँटिव्हायरसही काढू नये. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावी, त्यात ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये जावे आणि तिथे फक्त आपल्या सॉफ्टवेअरचे नाव परवानगीच्या यादीत घालावे. कोणाला अडवले ते ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये दिसते. सॉफ्टवेअर मात्र बनवणाऱ्याच्या अधिकृत जागेवरूनच घेतलेले असावे, नाहीतर आपणच चोराला किल्ली दिल्यासारखे होईल.

काही जण सुचवतात, की सॉफ्टवेअर दरवेळी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावे. त्याने काम होईलही, पण एका पानासाठी सगळ्या घराच्या चाव्या हातात देण्यासारखे ते आहे. जागा बदलणे केव्हाही चांगले. आणखी एक गोष्ट तपासावी : चाचणीपुरत्या दिलेल्या काही आवृत्त्यांत सेव्ह करण्याची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. तिथे दुरुस्तीला काही वावच नसतो.

तिसरा प्रश्न : नाव कसे?

विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हे चालत नाहीत : \ / : * ? " < > |. शिबिराची तारीख तिरप्या रेघा देऊन नावात घातली, की फाइल अडलीच. तारखेत आडवी रेघ वापरावी. शिवाय फोल्डरच्या आत फोल्डर करत गेले, की सगळा पत्ता मिळून २६० चिन्हांच्या जुन्या मर्यादेला भिडतो आणि काही सॉफ्टवेअर तिथे थांबतात. फोल्डर थोडे आणि नावे लहान ठेवावीत.

फाइलचे नाव मराठीत देता येते, पण वेबसाइटसाठी ते सोयीचे नाही. ‘दिघी’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने चार चिन्हे आहेत : द, वेलांटी, घ आणि दुसरी वेलांटी. इंटरनेटच्या पत्त्यात यातले प्रत्येक चिन्ह नऊ जागा घेते, म्हणजे एवढ्याशा नावाच्या छत्तीस जागा झाल्या. रोमन लिपीत तेच नाव पाच जागांत बसते. म्हणून फाइलचे नाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे. मोठी आणि छोटी अक्षरे विंडोजला सारखीच वाटतात, पण वेबसाइट ठेवणारे बहुतेक संगणक लिनक्सवर चालतात आणि त्यांना ती वेगळी वाटतात. आपल्या लॅपटॉपवर दिसणारा फोटो वेबसाइटवर दिसत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. पानाच्या आतला मजकूर आणि मथळा अर्थातच मराठीत असावा.

चौथा प्रश्न : अक्षरे कोणत्या पद्धतीने?

हा प्रश्न आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सेव्ह करताना अक्षरे कोणत्या पद्धतीने लिहायची हे सॉफ्टवेअर ठरवते. ‘यूटीएफ-८’ निवडले तर मराठी जशीच्या तशी राहते. ‘अ‍ॅन्सी’ निवडले तर देवनागरीला जागाच मिळत नाही, आणि प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहिले जाते. ‘कातकरी’ या शब्दाची सहा प्रश्नचिन्हे होतात.

बिघडलेले पान पाहून घाबरण्याआधी ते कसे बिघडले आहे ते पाहावे. त्याचे तीन प्रकार आहेत. डोक्यावर खुणा असलेली परकी अक्षरे दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे. फक्त वाचणाऱ्या ब्राउझरला पद्धत कळलेली नाही. पानाच्या अगदी सुरुवातीला ‘यूटीएफ-८’ची ओळ घातली की मराठी परत येते. ही ओळ पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे साधी इंग्रजी अक्षरे विचित्र क्रमाने दिसणे. मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असला की असे होते. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात, त्यामुळे फाँट नसलेल्या मोबाइलवर मराठी उरत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्वतःचे स्थान आहे.

तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. तिथे मात्र अक्षरे खरोखरच गेलेली असतात. त्या सहा खुणांच्या जागी काय होते, हे कोणतेही यंत्र परत सांगू शकत नाही. अशा वेळी पान पुन्हा सेव्ह न करता आधीची प्रत शोधावी.

याचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, आणि फरक केवळ एका काना-मात्रेचा. तेवढ्या फरकासाठी वाडीवरच्या माणसाला मजुरी बुडवून तहसील कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. कागदावर ज्यांची नावे सहज बिघडतात, अशांसाठी आपण काम करतो. आपल्या संगणकात तरी ती बिघडू नयेत. माणसांच्या नावांच्या याद्या आम्ही वेबसाइटवर ठेवत नाही, त्या केंद्रातच राहतात. पण त्या सेव्ह करण्याचा नियम हाच आहे.

पान आणि फोटो एकत्र ठेवा

वेबसाइटच्या पानात फोटो नसतो, फोटो कुठे आहे त्याचा पत्ता असतो. नुसते पान पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे उघडले, की फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते. म्हणून पानात फोटो घालण्याआधीच तो वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि दुसरीकडे नेताना तो सगळा फोल्डर न्यावा. पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढून काढू नये. लिहिणे अर्धवट राहिले तर फाइल मोडते. हेही लक्षात असू द्या, की सेव्ह केलेले पान आपल्या लॅपटॉपवरच असते. ते ‘पब्लिश’ केल्याशिवाय लोकांच्या मोबाइलवर दिसत नाही.

खात्री कशी करायची?

नवे सॉफ्टवेअर बसवले की खरे काम सुरू करण्याआधी आम्ही आता दहा मिनिटांची चाचणी घेतो. एका पानावर ‘श्रीवर्धन’, ‘म्हसळा’, ‘कातकरी’, ‘आदिवासी वाड्या’ असे जोडाक्षरांचे आणि काना-मात्रांचे शब्द लिहायचे, एक फोटो घालायचा आणि सेव्ह करायचे. मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करायचे. फोल्डर उघडून फाइलची वेळ आणि आकार पाहायचा. आकार शून्य असेल तर फाइल नावापुरतीच आहे. नंतर ती ब्राउझरमध्ये उघडायची आणि शेवटी सगळा फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन पाहायचे. दोन्हीकडे सारखे दिसले, तरच सेव्ह झाले असे म्हणायचे.

आणि प्रती तीन ठेवायच्या : एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा किनाऱ्यावर एकाच छपराखाली सगळ्या प्रती ठेवणे शहाणपणाचे नाही. आमची तिसरी प्रत दर महिन्याला फेरीबोटीने खाडीपलीकडे आगरदांड्याला जाते.

आपल्यापैकी अनेक जण या वेबसाइटसाठी अनुवाद, फोटो आणि टाइप केलेला मजकूर पाठवतात, त्याबद्दल मनापासून आभार. यापुढे मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा, फाइलचे नाव लहान ठेवावे आणि फोटो मजकुरात न चिकटवता स्वतंत्र पाठवावेत, एवढी विनंती. ज्यांच्याकडे जुन्या फाँटमधला मजकूर आहे, त्यांनी तो टाकून देऊ नये, तसाच पाठवावा. केंद्रात आम्ही तो बदलून घेऊ. दिवाळीपूर्वीच्या शिबिरांच्या तारखांचे पान या महिन्यात पूर्ण करायचे आहे.

आपला सेवेतील सहकारी,
दिघी केंद्र