मुलांना क्लासला सोडता, मग स्वतः बाकावरच का? चाळिशीनंतर कराटे-ज्युदो शिकायचं असेल तर

एप्रिल 2021 मध्ये पोलंडला झालेल्या युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने 81 किलोवरील गटात सुवर्णपदक जिंकलं. वडील पोलीस खात्यात नोकरीला. आजही मुलीला बॉक्सिंग किंवा कराटेला घालायचा विषय घरात निघाला आणि दादी-नानी नको म्हणाल्या, की अल्फियाचं नाव पुढे केलं जातं आणि बहुतेक वेळा काम होतं. मुलांच्या बाबतीत आपल्या मोहल्ल्यांतली गोष्ट इथवर आली, ही आनंदाचीच बाब.

पण त्याच मुलांना स्कूटरवर सोडायला आलेले अब्बू-अम्मी तासभर बाहेर बाकावर बसून मोबाईल बघतात. वय बेचाळीस, पंचेचाळीस. शुगर सुरू झालेली किंवा होण्याच्या वाटेवर, दुकानात बसून कंबर धरलेली. आम्ही स्वतः त्याच बाकावरून उठून चाळिशीनंतर पांढरा पट्टा बांधलेली काही माणसं आहोत. या वयात शिकता येतं का, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. येतं. मात्र पंधराव्या वर्षी शिकतात तसं नाही, आणि हा फरक न समजल्यामुळेच बरेच जण दुसऱ्या महिन्यात गुडघा धरून घरी बसतात.

काही जण गामा पहिलवानाचा दाखला देतात. 1928 साली पतियाळात गामाने झ्बिश्को या पोलिश मल्लाला मिनिटभराच्या आत चीत केलं, तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. गोष्ट खरी आहे, पण आपल्या कामाची नाही. गामा लहानपणापासून जोर-बैठका मारत आला होता. आपण वीस वर्षं गल्ल्यावर बसलो.

शरीराचा हिशेब असा असतो. तिशीनंतर व्यायाम नसेल तर स्नायू हळूहळू कमी होत जातात, पण मेहनत सुरू केली की ते लवकर प्रतिसाद देतात. महिना-दीड महिन्यात अंगात ताकद आल्यासारखी वाटते. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा, म्हणजे टाचेमागची जाड शीर, गुडघ्याची, खांद्याची, यांना मात्र त्याच कामाला कित्येक महिने लागतात. धोका या मधल्या काळात असतो. ताकद आलेली असते, म्हणून माणूस उंच लाथ मारायला जातो, आणि आतली शीर अजून जुनीच असते. टाचेमागची शीर तुटण्याचे प्रकार तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत जास्त दिसतात. आठवडाभर बसून काम करायचं आणि रविवारी एकदम उड्या मारायच्या, असे हे लोक. म्हणून पहिले तीन महिने लाथ कमरेच्या वर नाही, उड्या नाहीत, आणि आठवड्यातून दोन किंवा तीनच दिवस क्लास. मधल्या दिवशी चाला.

शुगर-बीपी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं हे सगळेच सांगतात, पण काय विचारावं ते कुणी सांगत नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर क्लासमध्ये किंवा नंतर रात्री साखर एकदम पडू शकते. तेव्हा गोळीची वेळ आणि खाण्याची वेळ विचारून घ्या, पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवा आणि सरांना आपल्या शुगरबद्दल सांगून ठेवा. लपवू नका, यात लाजण्यासारखं काही नाही. शुगर जुनी असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर परिणाम झाला असेल तर डोक्याला हादरा बसेल असं आणि श्वास कोंडून जोर लावायचं काहीही डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करायचं नाही. कराटे-ज्युदो अनवाणी चालतं, आणि शुगरमुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर तळव्याला काच टोचलेलीही कळत नाही. घरी आल्यावर तळवे बघायची सवय लावा. वुझू करताना रोज पाय धुतोच, तेव्हाच नजर टाकली तरी पुरे. बीपीवाल्यांनी ठोसा मारताना श्वास सोडायला शिकावं, रोखून धरला की रक्तदाब वर उसळतो. कराटेत जी आरोळी ठोकतात ती निव्वळ घाबरवण्यासाठी नसते, तिच्यामुळे श्वासही बाहेर पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मारामारीचा सराव अजिबात नको.

आता शिकायचं काय? आमचं मत स्पष्ट आहे. सुरुवात करणाऱ्याला या वयात सर्वांत उपयोगी विद्या म्हणजे पडायची. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानमध्ये ज्युदो सुरू केला, आणि त्यात नवख्याला उचलून फेकण्याआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात सपाट जमिनीवर आपटायचा, म्हणजे धक्का सगळ्या अंगावर वाटला जातो. पाय घसरला की आपण स्वाभाविकपणे तळहात पुढे करतो आणि मनगट मोडून घेतो. मोरीत, मशिदीच्या ओल्या फरशीवर, पावसात गाडीवरून उतरताना माणसं अशीच पडतात. ही सवय मोडायला महिने लागतात, पण लागली की राहते. बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, या क्रमानेच आणि जाड मॅटवरच शिका. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल तर हेही नको, त्यांनी कराटेचे एकट्याने करायचे ठरावीक डाव, ज्यांना ‘काता’ म्हणतात, ते करावेत. घाम भरपूर निघतो आणि समोर मारणारं कुणी नसतं.

बॉक्सिंगही शिकता येतं, पण पिशवीवर आणि सरांच्या हातातल्या पॅडवर. डोक्यावर ठोसे घ्यायचं हे वय नाही. आपल्याकडे हदीसमध्ये चेहऱ्यावर मारायला मनाई आहे. मेंदूचा डॉक्टरही चेहऱ्यावर ठोसे खाऊ नका असंच सांगेल. पारंपरिक कराटेत सरावाचा ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवतात, त्यामुळे तिथे अडचण कमी. क्योकुशिनसारख्या पूर्ण ताकदीने मारणाऱ्या प्रकारांपासून पहिली काही वर्षं लांबच राहा.

स्वसंरक्षणाचा मुद्दा निघतोच. आजकालच्या माहोलमध्ये तो निघणारच. सहा महिन्यांच्या कराटेवर चाकूवाल्याशी भिडता येत नाही, आणि येतं असं सांगणाऱ्या सरांकडे जाऊ नका. मनगट सोडवून घेणं, तोल न जाऊ देणं, जोरात ओरडणं आणि पळणं, एवढं मात्र नक्की येतं. बसमध्ये किंवा बाजारात बाईला बहुतेक वेळा एवढंच लागतं.

बायकांसाठी अडचणी वेगळ्या आहेत, आणि खरं सांगायचं तर विद्या अवघड म्हणून त्या थांबत नाहीत, जागा नाही म्हणून थांबतात. शिकवणारी बाई नाही, वेगळी बॅच नाही, आणि संध्याकाळचा वेळ म्हणजे नेमकी मगरिब आणि स्वयंपाक. आमच्या ओळखीच्या काही भगिनींनी यावर साधा तोडगा काढला. पाच-सहा जणींनी एकत्र येऊन सकाळी मुलं शाळेत गेल्यानंतरची बॅच मागितली. एकटीला नाही म्हणणारे सर सहा फिया एकदम दिसल्या की हो म्हणतात. हिजाबची अडचण आता खेळात तितकी राहिलेली नाही. जागतिक कराटे महासंघाने 2013 पासून डोकं झाकून खेळायला परवानगी दिली, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये इजिप्तच्या फरियाल अब्दुलअझीझने हिजाब घालूनच कराटेचं सुवर्ण जिंकलं. सरावाला मात्र पिना लावलेला स्कार्फ नको, डोक्यातून घालायचा लवचिक घ्या.

झुकण्याचा प्रश्न आम्हालाही पडला होता. जपानी क्लासमध्ये सुरुवातीला आणि शेवटी कमरेतून वाकून अभिवादन करतात. काही ठिकाणी संस्थापकाच्या फोटोपुढे गुडघ्यावर बसून डोकं टेकवतात. जपानमध्ये वाकणं हा सलाम-दुआचा प्रकार आहे, असं काही उलेमा म्हणतात. काहींना ते रुकूसारखं वाटतं म्हणून मान्य नाही. आपल्या इमामसाहेबांना विचारा, आणि नाव घालण्याआधीच सरांशी बोला. छातीवर हात ठेवून किंवा हात मिळवून अभिवादन करतो म्हटलं तर बरेच सर मान्य करतात. ज्युदोच्या अधिकृत स्पर्धेत वाकणं नियमातच आहे, पण तब्येतीसाठी शिकणाऱ्याला तिथपर्यंत जायची गरज नाही.

तसं पाहिलं तर ही दुनिया आपल्याला परकी नाहीच. तालीम हा शब्द अरबीतून आला, त्याचा अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद. कुस्ती आणि पहिलवान फारसीतून आले. मराठी गावात लाल मातीच्या खोलीला शिक्षण म्हणतात, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.

नागपुरात सुरुवात कधी करावी, हेही महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये पहिला दिवस काढला तर दुसरा दिवस उगवत नाही. पाऊस पडून हवा थंडावली की नाव घाला. रमजानमध्ये क्लास पूर्ण बंद ठेवला तर ईदनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. त्यापेक्षा इफ्तारनंतर थोडं पोट हलकं झाल्यावर वीस मिनिटं घरीच काता करा. रोज्यात घाम गाळायचा नाही.

फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून क्लास बघा. पंचेचाळीसच्या माणसाला एकोणीसच्या पोरासमोर उभं करतात का? हार मान्य केल्याची थाप मारली की समोरचा तिथल्या तिथे सोडतो का? फरशीवर मॅट आहे की नुसती सतरंजी? सर तुमचे जुने आजार आपणहून विचारतात का? काळा पट्टा दोन वर्षांत देतो म्हणणाऱ्याला सलाम करून बाहेर पडा. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या दर्जाला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. पहिल्या दिवशी ढिला पायजमा आणि टी-शर्ट चालतो, पांढरा गणवेश महिनाभर टिकलात की घ्या. नखं कापून या, अंगठी घरी ठेवा.