पीडीएफ उतरवली, पण व्हिडिओ कुठे गेला?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी खास. विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल: संशोधनाच्या जर्नलमधले व्हिडिओ, ऑडिओ, थ्रीडी मॉडेल्स, आणि ते सांभाळताना ग्रंथालयांची होणारी धावपळ. पण भिंगारहून रोज नगरच्या कॉलेजात जाणाऱ्या आणि अख्खा प्रोजेक्ट मोबाईलवरच करणाऱ्या पोरापोरींचा हा रोजचा प्रश्न आहे.

आधी जर्नल म्हणजे काय ते बघू. संशोधक आपलं काम जिथे छापतात आणि छापण्याआधी त्याच विषयातले दुसरे जाणकार ते तपासतात, ते नियतकालिक म्हणजे जर्नल. पूर्वी ते कागदावर यायचं. वर्षाचे अंक आले की ग्रंथपाल त्यांची बांधणी करायचे आणि कपाटात ठेवायचे, झालं काम.

आता लेख स्क्रीनवर येतो आणि नुसत्या मजकुरावर थांबत नाही. समजा, झाडाला डोळा कसा भरायचा यावर लेख आहे. चाकू कसा धरला, साल किती उचलली, हे चार पानं लिहूनही कळत नाही, दोन मिनिटांच्या व्हिडिओत कळतं. याच विचारातून २००६ साली अमेरिकेत ‘जोव्ह’ नावाचं जर्नल निघालं. त्यात प्रयोगाची कृती लेखाबरोबर व्हिडिओतही दाखवतात. कारण सरळ आहे: नुसतं वाचून दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग जमत नव्हता.

आता खरी गोम ऐका. बऱ्याच जर्नलमध्ये व्हिडिओ हा ‘पूरक साहित्य’ म्हणून वेगळ्या फाईलमध्ये असतो. तुम्ही पीडीएफ उतरवता, मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता, आणि व्हिडिओ मात्र प्रकाशकाच्या वेबसाईटवरच राहतो. म्हणजे निष्कर्ष वाचला, पुरावा बघितलाच नाही!

मग ग्रंथालय यात काय करतं? चार कामं.

पहिलं, दार उघडून देणं. इलेक्ट्रॉनिक जर्नल ग्रंथालय बहुतेक वेळा विकत घेत नाही, वर्गणी भरून वापरायला घेतं. वर्गणी थांबली की नवे अंक बंद, आणि करारात तशी सोय नसेल तर जुनेही बंद. वर्गणी महाग म्हणून आपल्याकडे एकत्र खरेदीची वाट निघाली. कृषी क्षेत्रासाठी २००७ साली ‘सेरा’ सुरू झालं, आपल्या जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांसाठी. कॉलेजांसाठी २०१० च्या सुमारास गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राकडून ‘एन-लिस्ट’ आलं. आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. पण सुरुवात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपासून आहे. नगरमधली बरीचशी कॉलेजं शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. त्यामुळे आपलं कॉलेज नक्की कोणत्या योजनेत बसतं, हे ग्रंथपालांनाच विचारा. आणि लेख उघडला म्हणजे व्हिडिओही उघडेलच असं नाही, हेही विचारा.

दुसरं, सापडेल असं करणं. व्हिडिओच्या पोटात काय आहे, हे सर्च करताना आपोआप कळत नाही. शीर्षक, विषय, लांबी, भाषा, कोणत्या लेखाशी जोडलेला आहे, ही माहिती कुणीतरी नोंदवावी लागते. बोललेलं लिहून ठेवलं असेल तर शोध फार सोपा होतो. (आम्ही पॉडकास्टचं हे लेखी रूप देतो, त्याचं एक कारण हेच!) ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तर लेखी मजकुराशिवाय दुसरी वाटच नसते.

तिसरं, चालेल असं करणं. साधा हिशेब करा. व्हिडिओ सेकंदाला दीड मेगाबिट वेगाने चालला, तर दहा मिनिटांना साधारण ११० एमबी डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये असे किती बघणार? आणि वाचनकक्षात तीस जणांनी एकाच वेळी लावला तर ४५ मेगाबिटची लाईन हवी. म्हणून आता ग्रंथालयाला पुस्तकांच्या कपाटांइतकीच वाय-फाय आणि हेडफोनची फिकीर करावी लागते. ‘शांतता राखा’च्या पाटीखाली व्हिडिओ बघायचा तर हेडफोन हवाच ना!

चौथं आणि सगळ्यात अवघड, टिकवणं. कागद शंभर वर्षं टिकतो. फ्लॅशमध्ये बनवलेली ॲनिमेशन्स आठवतात? अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट बंद केला आणि त्यातलं कितीतरी साहित्य ब्राउझरमध्ये उघडेनासं झालं. फाईल शाबूत, पण उघडणारं सॉफ्टवेअर नाही. यावर दोन उपाय आहेत: वेळीच फाईल नव्या फॉरमॅटमध्ये बदलायची, किंवा जुन्या संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर ठेवायचं. दोन्हींना पैसा लागतो आणि जाणती माणसं लागतात.

कधी कधी तर जर्नलच गायब होतं. २००० ते २०१९ या काळात मोफत वाचता येणारी १७० हून अधिक जर्नल्स इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचं संशोधकांनी मोजून दाखवलंय. म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘लॉक्स’ नावाची पद्धत काढली. सूत्र एकदम घरगुती: एकाच डब्यात सगळं ठेवू नका, अनेक ग्रंथालयांत प्रती ठेवा, आणि त्या एकमेकींशी ताडून बघत राहा. पण मजकूर जपला म्हणजे त्याचा व्हिडिओही जपला गेला, असं गृहीत धरता येत नाही.

मग तुम्ही काय करायचं? लेख उघडला की पीडीएफवर थांबू नका, वेबपेजवर ‘सप्लिमेंटरी’ असा भाग आहे का बघा. संदर्भ देताना नुसती लिंक नको, डीओआय क्रमांक लिहा. वेबसाईटचा पत्ता बदलला आणि प्रकाशकाने नोंद ताजी ठेवली, तर त्या क्रमांकावरून लेख सापडतो. व्हिडिओतला पुरावा वापरला असेल तर नेमका मिनिट-सेकंद नोंदवा. जड व्हिडिओ कॉलेजच्या वाय-फायवर बघा. स्वतःच्या अभ्यासासाठी वापरणं वेगळं आणि यूट्यूबवर परत चढवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला परवानगी लागते.

आणि एखादा व्हिडिओ उघडला नाही तर गप्प बसू नका, ग्रंथपालांना सांगा. वापरच होत नाही असं दिसलं, तर पुढच्या वर्षी वर्गणीवर कात्री चालवणं सोपं जातं. तुमची तक्रार हीच त्या वापराची नोंद असते.

तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काय चालतं, काय चालत नाही, आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!